यात्रेत पहिला आलेला कुत्रा कारवानी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या यात्रेतल्या श्वान शर्यतीची बातमी आपल्या अंकात वाचली. पहिल्या आलेल्या कुत्र्याचा फोटो आहे, कपाळाला गुलाल, गळ्यात हार, आणि खाली छापलंय ‘शुद्ध कारवानी’, म्हणजे आपल्याकडची सडपातळ, वेगानं पळणारी देशी शिकारी जात. हा कुत्रा माझ्या अंगणात जन्मलेला आहे. त्याची आई माझी चंदी, ती कारवानी. बाप ग्रेहाऊंड या विलायती शर्यतीच्या जातीचा, शेजारच्या तालुक्यातल्या एका शर्यतवाल्यानं पंजाबातून आणलेला. पिल्लू देताना घेणाऱ्याला मी हे समोर बसवून सांगितलं होतं आणि वहीतही लिहून ठेवलं आहे. त्यामुळे बातमी वाचल्यापासून स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र.

फोटोतसुद्धा खरं काय ते दिसतं. कान बघा. कारवानीचा कान पातळ, तिकोनी, आणि डोक्याला चिकटून खाली लोंबतो. फोटोतल्या कुत्र्याचे कान मागे दुमडलेले आहेत, वाळक्या पानाची कड वळावी तसे. ते ग्रेहाऊंडचे कान. मागच्या मांड्याही बघा, किती भरलेल्या आहेत. कारवानीची मांडी लांब आणि सपाट असते.

आमच्या घरात ही कुत्री तीन पिढ्यांपासून आहेत. माझे सासरे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे तेव्हा दोन कारवानी बरोबर असत. जतहून अथणी, जमखंडी करत मुधोळ गाठता येतं, आणि चंदीची आजी सासऱ्यांनी तिकडूनच आणली होती. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली आणि तिची जोडी थेट इंग्लंडच्या राजाला भेट दिली, हे इकडं म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक असतं. आपण कारवानी म्हणतो, कर्नाटकात मुधोळ म्हणतात, आणि केसाळ असेल तर पश्मी. २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. त्याच नावानं लष्करानंही ती कुत्री मेरठच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात नेली.

मी संकराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. चंदीला ग्रेहाऊंड लावू दिला तो मीच. पाच पिल्लं झाली, त्यातली दोन तर बघत राहावं अशी होती. सुटताना ग्रेहाऊंडची उसळी, आणि तळवे मात्र आईचे. आमच्या माळावर मुरूम आहे, कुसळं आहेत. तिथं निव्वळ ग्रेहाऊंड दोन दिवस पळवला की पंजाच्या गाद्या सोलून निघतात, कातडी इतकी पातळ की बाभळीच्या काट्यानं हातभर फाटते. कारवानी त्याच माळावर सकाळपासून मेंढरांबरोबर चालून संध्याकाळी परत पळायला तयार. दोन्ही गुण एका अंगात आले तर कुणाला नको आहेत?

पण हे संकराच्या पहिल्याच पिढीपुरतं असतं, आणि शेतकऱ्याला ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही. हायब्रीड ज्वारीचं कणीस कितीही भरलेलं असो, त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरलं तर एक ताट कमरेएवढं, एक डोक्याच्या वर, एकात दाणा नाही. कुत्र्यांचंही तसंच. संकर कुत्र्याला संकर कुत्री लावली की एकाच वेतात एक पिल्लू ग्रेहाऊंडसारखं, एक कारवानीसारखं, एकाला दोन्हीकडचं काहीच नाही. फोटोतल्या कुत्र्याकडं आता लोक कारवानी कुत्र्या घेऊन येत आहेत, एका वेळचे पाच हजार रुपये मोजून, असं मला कळलं आहे. पिल्लं ‘शुद्ध कारवानी, यात्रेत पहिला आलेल्याची’ म्हणून विकली जाणार. घेणारा ती पुन्हा आपल्या घरच्या कारवानीला लावणार. असं चार-पाच वेतं चाललं की जत-आटपाडीच्या पट्ट्यात खरी कारवानी शोधायची म्हटलं तर सापडणार कुठं?

माझी मुलगी पशुवैद्यकीय शिकते. तिच्याकडून मला कळलं की इंग्लंडमध्ये अशा संकराला स्वतंत्र नावच आहे, लर्चर. ग्रेहाऊंडचा मेंढपाळाच्या कॉलीशी किंवा बेडलिंग्टन टेरियरशी संकर करतात. धाव ग्रेहाऊंडची, समज कॉलीची. तिथल्या फिरस्त्यांनी आणि गरीब शेतमजुरांनी रानातले ससे धरून चूल पेटवायला हे कुत्रं घडवलं. लर्चर म्हटलं की तो संकर आहे हे नावातच आलं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडं ‘क्रॉस’ म्हटलं की भाव निम्मा होतो, म्हणून तोंडातून तो शब्दच निघत नाही.

नाव लपवल्यानं कुत्र्याच्या जिवावर कसं बेततं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच पाचांपैकी एक, राजा, माझ्या पुतण्यानं दुसऱ्या गावच्या एकाला दिला. त्या माणसानं पुढं तिसऱ्याला विकला, कारवानी म्हणून. मार्चमधल्या एका शर्यतीला मी गेले होते. मोटारसायकलला लांब दोरी, दोरीच्या टोकाला चिंध्यांचा ससा. दुपारी साडेबाराला राजा पहिल्यांदा पळाला, सव्वा वाजता उपांत्य फेरीत पुन्हा. मालकाला वाटलं कारवानी आहे, उन्हाला काय घाबरतंय. दुसऱ्या धावेनंतर तो उभाच राहीना. जीभ जांभळट आणि रुंद, मागचे पाय लाकडासारखे ताठ. मी पोटाखाली आणि मांड्यांवर गार पाणी ओतायला लावलं. थोड्या वेळानं त्याला लघवी झाली ती चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी, काळसर तांबडी. स्नायू आतून फुटले की त्यांतलं रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरतं, असं मुलीनं फोनवर सांगितलं आणि ताबडतोब सलाईन लावायला हवं म्हणाली. डॉक्टर येईपर्यंत चार वाजले. दिवस मावळायच्या आत राजा गेला. जन्मल्यावर डोळे उघडण्याआधी मी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं.

ग्रेहाऊंड हा थोडं अंतर जीव तोडून पळणारा प्राणी आहे. अर्धा-पाऊण मिनिटात त्याचं अंग भट्टीसारखं तापतं, आणि ते उतरायला सावली, पाणी, वेळ लागतो. बाप कोण हे मालकाला माहीत असतं तर त्यानं राजाला त्या उन्हात दुसऱ्यांदा सोडलं नसतं. ऑपरेशनचंही तेच. या सडपातळ कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, आणि ग्रेहाऊंडचं यकृत भुलीची थायोपेंटालसारखी जुनी औषधं फार हळू जिरवतं. इतर कुत्री तासाभरात उठून बसतात, हे कितीतरी वेळ पडून राहतं. डॉक्टरांना रक्त कुठलं हे सांगितलं तर ते दुसरं औषध वापरतात. न सांगितलेलं त्यांना कसं कळणार?

शिकवण्याबद्दलही थोडं लिहिते, कारण शर्यतीच्या नादात तेच राहून जातं. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की मी शेळ्यांच्या दावणीशेजारी बांधते. शेळीनं एकदा शिंग दाखवलं की पुढं जन्मभर ते तिच्यामागं लागत नाही. शिट्टी वाजवली की भाकरीचा तुकडा, हे रोज, सहा महिने. वर्षाचं होईपर्यंत सायकलीमागं पळवायचं नाही, हाडं तोवर कच्ची असतात. पोटभर खाल्ल्यावर तर कधीच नाही. संकर पिल्लांना शिट्टीवर परतायला शिकवणं मला जास्त जड गेलं. ती नजरेला काही हललं की सुटतात आणि कान बंद होतात. म्हणून त्यांच्यावर दुप्पट मेहनत घ्यावी लागते. सासऱ्यांच्या तरुणपणी ससा धरणं हेच या कुत्र्याचं काम होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते थांबलं. रानातल्या जनावरामागं कुत्रं घालणं हीसुद्धा शिकारच धरली जाते, हे तरुण पोरांना कुणीतरी नीट सांगायला हवं. आज माझी कुत्री मेंढरं राखतात, रात्री द्राक्षबागेच्या बांधावर फिरतात, आणि ससा उठला तरी शिट्टीला मागं वळतात.

२०१७ च्या केंद्राच्या नियमांत कुत्र्यांची पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडं पाच आठवड्यांची पिल्लं आठवडी बाजारात पोत्यातून येतात. यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे की शर्यतीची चिठ्ठी फाडताना आई-बापाचं नाव विचारून लिहून घ्यावं, संकरांचा गट निराळा ठेवावा, आणि फेब्रुवारीनंतरच्या शर्यती सकाळी नऊच्या आत उरकाव्यात. याला पैसा लागत नाही.

आपल्याला एवढंच मागते की बातमीतली चूक दुरुस्त करून छापावी. कुत्र्याला कमी लेखू नये, तो पळाला आहे आणि त्याचं कौतुक त्याला मिळायलाच हवं. ‘आई कारवानी, बाप ग्रेहाऊंड’ एवढं त्याच्या फोटोखाली यावं. वहीचं ते पान मी या पत्रासोबत जोडलं आहे. त्यावर पाचही पिल्लांचे रंग, जन्मवेळ आणि कुठल्या गावाला गेली ते लिहिलं आहे. राजाच्या नावापुढं तारीखही आहे.

आपली,
कारवानी पाळणारी एक शेतकरी
ता. जत, जि. सांगली