रिसीव्हर माझ्या हातात देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्ही माझ्या सीनियर फार्मासिस्ट, पण तोंडावर थँक्यू म्हटलं की "पुढची फाइल घे" म्हणता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

फार्म.डी., म्हणजे वॉर्डात पेशंटच्या औषधांवर लक्ष ठेवायला शिकवणारी फार्मसीची पदवी, आपल्या देशात २००८ मध्ये सुरू झाली, तरी आमच्या अमळनेरात अजून एकच प्रश्न, "म्हणजे मेडिकल टाकणार का?" गावाचं सोडा. तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेले होते. केमोच्या वॉर्डात काम करायचंय म्हटल्यावर साहेब हसले. "राउंडला फार्मासिस्टचं काय काम? बिलिंगला माणूस कमी आहे, बसतेस का?" त्यांचेही आभारच मानायला हवेत. त्यांनी घेतलं असतं तर आज मी पावत्या फाडत असते.

पेशंटची पिशवी उलटी करायची, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवलंत. पारोळ्याकडचे ते बाबा आठवतात? ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मेंटेनन्सवर, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून चालणाऱ्या उपचारावर होते, मर्कॅप्टोप्युरिन ही केमोची गोळी रोज चालू. मी अहिराणीत विचारलं, "बाबा, आखो कोन्या गोया चालू शेतस?" (आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?) त्यांनी सगळी पिशवी टेबलावर रिकामी केली. चुन्याची डबी, एसटीची तिकिटं आणि अ‍ॅलोप्युरिनॉलची अर्धी संपलेली पट्टी. गाउटवरची ही गोळी, पायाचा अंगठा सुजला म्हणून गावात कुणीतरी दिलेली. मर्कॅप्टोप्युरिन मोडणारं एन्झाइमच ही गोळी अडवते. मर्कॅप्टोप्युरिनचा डोस पाव ते एक तृतीयांशावर आणला नाही तर पांढऱ्या पेशी कोसळतात.

तुम्ही बाबांच्या डॉक्टरांना, सरांना, फोन लावलात आणि "तू पकडलंस, तूच बोल" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिलात. पलीकडून वैतागलेला आवाज, "कोण बोलतंय?" मला शब्द फुटेना. तुम्ही काही बोलला नाहीत. बाबांचा सीबीसी (रक्ततपासणीचा रिपोर्ट) माझ्यासमोर सरकवलात आणि डब्ल्यूबीसीच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या, आकड्याखाली पेनाने रेघ मारलीत. मी तो आकडा वाचला. सर क्षणभर गप्प, मग म्हणाले, "दोन्ही थांबवा, मी येतो." नोंदीखाली सही तुम्हाला करता आली असती. ती जागा मोकळी सोडून तुम्ही चहाला निघून गेलात.

हुशार सीनियर खूप पाहिले. ज्युनियरचं नाव पुढे केल्याने आपलं काही घटत नाही, हे मात्र फार थोड्यांना उमगतं. आपल्याकडे चांगुलपणा दिसला की लोक त्याला भोळेपणा म्हणून मोकळे होतात. तुम्ही भोळ्या अजिबात नाही, स्टोअरवाल्यांना विचारावं!

आता कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीच्या पेशंटना मी एकटी समजावते. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात गोळी, १४ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी, तळहात-तळपाय लाल झाले तर फोन करायचा. सर आता "कोण बोलतंय" विचारत नाहीत, "बोल" म्हणतात.

भरिताची वांगी बाजारात आली की आई कळण्याची भाकरी आणि भरीत डब्यात देणार आहे. डाएटचं कारण चालणार नाही, तिने आधीच बजावलंय.

तुमची,
फाइल घेऊन मागे पळणारी