ई-कचऱ्याच्या टेबलाखाली एक वेगळे खोके हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचरा संकलन मोहिमेची बातमी आपल्या अंकात वाचली. मोहीम स्तुत्यच आहे. आमच्याही सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडले होते आणि लोकांनी मोडके चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्यांचे मोबाइल, बंद पडलेले मिक्सर आणून टाकले. माझी तक्रार काहीच नाही, मागणी मात्र एक आहे. त्या टेबलाखाली एक वेगळे खोके ठेवावे आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहावे : ‘टीव्हीला जोडायचे जुने कॉम्प्युटर यात ठेवा’.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. निवृत्तीनंतर १९८०च्या दशकातले होम कॉम्प्युटर जमवते आणि चालू करते. घरच्यांच्या लेखी हा भंगाराचा धंदा, फक्त तोट्यातला. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेरी मारावी, सुटे भाग तपकीर गल्लीत शोधावेत, असा माझा क्रम. पण अलीकडे जुन्या बाजारात हे कॉम्प्युटर दिसेनासे झाले आहेत. माळ्यावरून उतरले की ते थेट ई-कचऱ्याच्या पिशवीत जातात आणि तिथून तुकडे व्हायला.

हे पुण्यातच का लिहिते आहे, तेही सांगते. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. मॉनिटर नाही, डिस्क नाही. घरचा टीव्ही हा पडदा आणि घरचा टेपरेकॉर्डर हे भांडार, म्हणजे प्रोग्रॅम कॅसेटवर. १९८४ मध्ये त्याचाच प्लास्टिकच्या कीबोर्डचा स्पेक्ट्रम प्लस आला आणि १९८८ मध्ये पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने आपल्याकडे विकला. म्हणजे सदाशिव पेठ, कोथरूड, चिंचवड इथल्या माळ्यांवर तो सापडण्याची शक्यता अन्य शहरांपेक्षा जास्त. काळा, पसरट, जाड वहीएवढा. टीव्हीचा रिमोट हरवला तरी घर डोक्यावर घेणारी माणसे हा डबा मात्र ‘कसला तरी कीबोर्ड’ म्हणून देऊन टाकतात.

तो सापडलाच तर कृपा करून लगेच प्लगमध्ये खुपसून बघू नका. ‘चालतो का बघू या’ या उत्साहानेच निम्मे कॉम्प्युटर मरतात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण त्याच्या पिनेचा आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आजच्या वायफाय राउटरचे बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट. पीन बसते, व्होल्टही जुळतात, आणि बटण दाबताच आतला माल भाजतो.

कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. त्यातल्या पहिल्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ मेमरी आयसी, म्हणजे चिप, आहेत. या आयसींना एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात : अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. अधिक ५ हे ७८०५ नावाचा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर देतो. १२ आणि उणे ५ मात्र बोर्डावरचीच एक छोटी कॉइल आणि ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. तो ट्रान्झिस्टर गेला, उणे ५ नाहीसे झाले आणि १२ तेवढे येत राहिले, की मेमरी आयसी एकेक करून दगावतात. म्हणून मी आधी मल्टिमीटरची काळी तार आयसीच्या १६ नंबरच्या पायावर धरते आणि लालने १, ८ आणि ९ नंबरचे पाय तपासते. एकवर उणे ५, आठवर १२, नऊवर ५. हे तीन आकडे मिळेपर्यंत टीव्हीची वायर शोधायलासुद्धा मी उठत नाही.

पुढचे काम सावकाशीचे. वाळलेले कपॅसिटर बदलायचे. कीबोर्डखालचा प्लास्टिकचा पातळ पडदा दोन फितींनी बोर्डाला जोडलेला असतो. त्या फिती इतक्या वर्षांनी ठिसूळ होतात, ओढल्या की तुटल्याच. नवे पडदे इंग्लंडातले हौशी लोक आजही बनवून विकतात, थोडे महाग पडतात. मेलेली आयसी उपटायची नाही. तिचे पाय कापून एकेक पाय वेगळा काढायचा, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा पट्टा उखडत नाही, आणि त्या जागी सॉकेट झाळायचे. टीव्हीवर चॅनेल लावायची कटकट नको म्हणून मॉड्युलेटरमधून, म्हणजे टीव्हीसाठी सिग्नल तयार करणाऱ्या डबीतून, सरळ एव्हीचा पिवळा जॅक काढता येतो. सगळे जमले तर टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ साल असलेली सिंक्लेअरची ओळ उमटते.

‘हे सगळे मोबाइलवर एम्युलेटरमध्ये फुकट चालते की,’ असे माझा भाचा म्हणतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारे सॉफ्टवेअर. बरोबर आहे, मीही वापरते. पण एम्युलेटरला कॅसेटमधला प्रोग्रॅम आधी कुणीतरी काढून द्यावा लागतो, आणि पुण्यातल्या शिक्षकांनी, मुलांनी घरी लिहिलेले प्रोग्रॅम कुणी इंटरनेटवर चढवून ठेवलेले नाहीत. ते त्या एका कॅसेटवरच आहेत. मला मिळालेल्या एका कॅसेटवर ‘भूमिती, नववी’ असे बॉलपेनने लिहिले होते. टेपवर पांढरी बुरशी, प्लेअरचा बेल्ट चिकट होऊन वितळलेला. टेप साफ केली, बेल्ट बदलला, हेड स्पिरिटने पुसले, हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवत आवाज खणखणीत केला. प्रोग्रॅम येऊ लागला की पडद्याची किनार आधी लाल-निळसर जाड पट्ट्यांनी हलते, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या धावतात. आत होते काय? स्पेक्ट्रमवर आपल्या मनाची एकवीस चिन्हे आखता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांनी एकवीसच्या एकवीस चौकटी खर्चून देवनागरी अक्षरे बसवली होती आणि पडद्यावर ‘त्रिज्या’ असे लिहून वर्तुळ काढले होते. ‘ज्या’साठी दोन चौकटी लागल्या होत्या. कॅसेटची दुसरी बाजू मात्र कुणीतरी कीर्तनाने भरून टाकली आहे, त्याला इलाज नाही.

काही जण विचारतात, ‘अँटिक म्हणून किती येतील?’ शोभेच्या कपाटात ठेवायला न्यायचा असेल तर मला त्यात रस नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयातला अडकित्ता काचेआडूनही कळतो. सुपारी कुठे धरायची, हे बघताच उमगते. बंद कॉम्प्युटरकडे बघून काय उमगणार? चालू असेल तर मात्र त्याच्यासारखा शिक्षक नाही. स्पेक्ट्रमची सगळी सर्किट आकृती एका कागदावर मावते. झेड ८० प्रोसेसर, रॉम (कायमची मेमरी), चालू कामाची मेमरी आणि बाकीची जोडणी सांभाळणारी युएलए नावाची एक चिप, संपले. डिप्लोमाच्या मुलांना मी ३.५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा ठेका, ऑसिलोस्कोपवर दाखवते, मेमरीतला पत्ता (अॅड्रेस) नेणाऱ्या तारा बोटाने दाखवते. मोबाइल उघडून हे करून दाखवा. झेड ८० बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये सुट्या झेड ८० चिपच्या ऑर्डर घेणेही बंद केले, तेव्हा चालू स्थितीतला प्रत्येक जुना बोर्ड आता सुट्या भागांचे कोठारही आहे.

आणखी एक जात लक्षात ठेवावी. १९८४ पासून केंद्र सरकारच्या संगणक साक्षरता प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे इंग्लंडातले कॉम्प्युटर मिळाले होते. जाडजूड, फिकट रंगाचा, लाल फंक्शन बटणांचा. शाळांच्या अडगळीत तो अजून असू शकतो. त्याच्या पॉवर सप्लायमधला पारदर्शक पिवळसर कपॅसिटर जुना झाला की तडकतो आणि वीज देताच धूर सोडून फुटतो. तेव्हा मुख्याध्यापकांनी शिपायाला ‘लावून बघ’ सांगू नये.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये नूतनीकरण करणाऱ्यांचाही, म्हणजे वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचाही, वेगळा वर्ग आहे, म्हणजे आलेली प्रत्येक वस्तू फोडलीच पाहिजे असे सरकारचेही म्हणणे नाही. मोहीम चालवणाऱ्यांनी खोक्यातला माल जवळच्या पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात नेऊन द्यावा. मुले आनंदाने घेतील, शिक्षक कुरकुरतील आणि मग तेच रात्री थांबतील. देणाऱ्यांनी अडॅप्टर, वायरी आणि कॅसेटी त्याच पिशवीत बांधून द्याव्यात. नाव नसलेल्या कॅसेटी तर नक्कीच.

आपली,
एक निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स शिक्षिका,
सिंहगड रस्ता, पुणे