चेनसॉच्या धारेसाठी बेळगावची फेरी कशाला?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाचा जोर वाढला की जांबोटी-कणकुंबी भागात झाडे पडून रस्ते अडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. वन खात्याची किंवा हेस्कॉम या वीज कंपनीची माणसे पोहोचेपर्यंत पुष्कळदा गावातलाच कोणीतरी आपली चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) घेऊन येतो आणि आडवे पडलेले खोड तोडून वाट मोकळी करतो. काजूच्या बागेतल्या वाळक्या फांद्या असोत, बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ असो की वर्षभराचे जळण असो, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात या कामांसाठी आता कुऱ्हाडीपेक्षा हेच यंत्र अधिक वापरले जाते. (झाड तोडण्यासाठी कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार लागणारी परवानगी हा वेगळा विषय आहे, तो येथे काढत नाही.) यंत्रासाठी आपण हजारो रुपये मोजतो, पण त्याच्या साखळीला घरच्या घरी धार लावायला शिकत नाही, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

साखळी बोथट झाली की ती पिशवीत घालून बेळगावला न्यायची, दुकानात विजेवर फिरणाऱ्या दगडावर धरून घ्यायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे, अशी आपल्याकडची रीत पडली आहे. त्यात दिवस मोडतो, हे तर आहेच. पण अधिक नुकसान साखळीचे होते. घाईघाईने दाबून धरलेला दात दगडावर तापतो, त्याच्या टोकावर निळसर झाक येते आणि त्या जागी पोलादाचे पाणी उतरते. असा दात बेळगावहून आल्यावर पहिल्या ओंडक्यात छान चालतो आणि दुसऱ्यात पुन्हा बोथट होतो. शिवाय दगड गरजेपेक्षा जास्त धातू खातो, त्यामुळे ज्या साखळीला कितीतरी वेळा धार लागली असती ती थोड्या फेऱ्यांतच संपते. दगडावरचे काम सरसकट वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. साखळी खिळ्यावर किंवा दगडावर आदळून दात तुटले असतील, तर हलक्या हाताच्या कारागिराकडे यंत्रावरच ती सरळ करून घेणे शहाणपणाचे आहे. रोजच्या वापरात आलेला बोथटपणा काढण्यासाठी मात्र एक गोल कानस पुरते.

ही कानस गोल का, हे दाताकडे नीट पाहिले की कळते. सुताराच्या करवतीचा दात तिकोनी कानशीने पाजळता येतो. चेनसॉचा दात आतून आकड्यासारखा वळलेला असतो आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असा आलटून-पालटून बसवलेला असतो. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून हा आकार योजला आणि आजच्या साखळ्यांची घडण मूलतः तीच आहे. या आकड्याच्या आतल्या गोलाईत नेमकी बसेल इतक्याच जाडीची कानस हवी. लहान यंत्रांवर बहुधा असणाऱ्या ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) बुटक्या साखळीला ४ मिलिमीटरची, ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलिमीटरची आणि मोठ्या यंत्रांवरच्या पूर्ण उंचीच्या ३/८ इंच साखळीला कंपनीप्रमाणे ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची कानस चालते. पिच माहीत नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून त्याचे निम्मे करावे. दुकानात नुसती ‘गोल कानस द्या’ असे सांगितले, तर हाताला लागेल ती मिळते. ती जाड निघाली तर धार मागे कलते आणि लाकडात शिरत नाही. बारीक निघाली तर आकडा खोल होतो, धार पातळ होते आणि लवकर मोडते.

काम करताना इंजिन बंद ठेवून प्लगची टोपी काढावी, हातमोजे घालावेत आणि साखळी ज्या पट्टीवर फिरते ती व्हाइसमध्ये पक्की धरावी. व्हाइस नसेल तर ओंडक्यात खाच पाडून तिच्यात पट्टी ठोकून बसवली तरी भागते. सर्वांत आखूड दातापासून सुरुवात करून बाकीचे दात त्याच्या लांबीला आणावेत. बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा कोन लागतो आणि अनेक साखळ्यांच्या दातांच्या पाठीवर त्यासाठी बारीक रेघ कोरलेली असते. कानस त्या रेघेला समांतर ठेवावी. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या पाठीच्या वर राहिला पाहिजे. कानस दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने, पुढे जातानाच दाबावी आणि परत आणताना उचलून घ्यावी. दाताच्या बाहेरच्या अंगावर कठीण क्रोमचा पातळ थर असतो आणि धार टिकते ती त्याच्यामुळे. उलट दिशेने घासल्यास तो थर कडेला उडतो. एका बाजूचे सगळे दात झाले की यंत्राच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उरलेले करावेत. उजव्या हाताचा जोर जास्त असल्यामुळे अनेकांचे एका बाजूचे दात अधिक झिजतात, मग लाकडात कापणी तिरकी जाऊ लागते आणि दोष पट्टीला दिला जातो. म्हणून प्रत्येक दातावर सारखेच, मोजून, दोन-तीन हात मारावेत. टाकीत पेट्रोल भरताना एवढे केले, तर साखळी पार बोथट होण्याची वेळ सहसा येत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दाताच्या पुढे असणाऱ्या लहान उंचवट्याकडे. रंध्याचे पाते लाकडी ठोकळ्याबाहेर जेवढे काढावे तेवढीच जाड सोलपट निघते, तेच काम येथे हा उंचवटा करतो. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. दात घासत गेला की त्याची उंची कमी होते, उंचवटा मात्र तसाच राहतो आणि मग धार कितीही तीक्ष्ण असली तरी दात लाकडाला नुसता चाटून जातो. अशा वेळी ‘कानशीने धार लागतच नाही’ असा ग्रह करून लोक पुन्हा दुकान गाठतात. चार-पाच वेळा धार लावून झाली की मापपट्टी ठेवून हे उंचवटे चपट्या कानशीने उतरवावेत आणि त्यांची पुढची कड गोलसर करावी. अंदाजाने मात्र उतरवू नयेत. ते जास्त खाली गेले तर दात लाकडात आधाशासारखा शिरतो, यंत्र हिसके देते आणि पट्टीच्या टोकाकडून उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

धार उतरली की नाही, हे भुशावरून ओळखता येते. ओल्या लाकडाचे जाडसर तुकडे पडत असतील तर साखळी ठीक आहे. पीठ पडू लागले, धूर निघाला किंवा यंत्र दाबावे लागले तर ताबडतोब थांबावे. वाळक्या लाकडाचा भुसा मुळातच बारीक पडतो, एवढे ध्यानात ठेवावे. बोथट साखळीने काम करणारा माणूस सारे वजन यंत्रावर टाकतो, आणि खोड अचानक तुटले की तोल जातो. आपल्या जांभ्याच्या मुलखात तर पडलेल्या झाडाच्या सालीवर लाल माती लिंपलेलीच असते. कापण्याआधी ती खरवडून काढली नाही, किंवा ओंडका कापताना साखळी जमिनीला टेकली, तर नुकतीच लावलेली धार क्षणात जाते.

हे शिकणे अवघड नाही, शिकवणारे कोणी नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या यंत्रांबरोबरची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि खोक्यात कानस असली तरी ती कशी धरायची हे विक्रेत्याने दाखवलेले नव्हते. विक्रेत्यांनी यंत्र देताना योग्य मापाची कानस आणि मापपट्टी द्यावी, गिऱ्हाईकाकडून निदान चार दात घासून घ्यावेत आणि कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत एक पानाची माहिती छापून द्यावी. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनीही शेती अवजारांच्या प्रात्यक्षिकांत या विषयाला तासभर द्यावा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी जांबोटी, नंदगड आणि लोंढा येथे असे एकेक प्रात्यक्षिक ठेवल्यास आसपासच्या वाड्यांतील यंत्रवाल्यांना येणे सोपे जाईल. येताना प्रत्येकाने आपली साखळी आणावी, म्हणजे कोणत्या मापाची कानस घ्यायची तेही तेथेच ठरवता येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव