बदलापुरात घर बघण्याआधी

बदलापूर,
रविवार, सकाळ

प्रिय अनंता,

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीनंतर नागपूर सोडून लेकीजवळ यायचं ठरवलंस, बरं केलंस. ठाण्यात परवडत नाही म्हणून बदलापूर, हा हिशेबही बरोबर आहे. पण तू विचारलंस तो प्रश्न, "पूर्वेला घेऊ की पश्चिमेला?", त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. कारण इथली पूर्व पूर्वेला नाही आणि पश्चिम पश्चिमेला नाही.

थट्टा करत नाही. कल्याणपर्यंत रेल्वे साधारण ईशान्येकडे चढत जाते, तेव्हा उजव्या हाताला पूर्व आणि डाव्या हाताला पश्चिम म्हणणं खपून जातं. कल्याणहून कर्जतची लाइन मात्र वळून आग्नेयेकडे निघते. हात तेच राहिले, नावंही तीच राहिली, दिशा फिरल्या. त्यामुळे बदलापूर "पूर्व" प्रत्यक्षात रुळांच्या नैर्ऋत्येला आहे आणि "पश्चिम" ईशान्येला. म्हणूनच "पश्चिमे"तून रस्ता धरलास की बारवी धरणाकडे, म्हणजे खऱ्या पूर्वेकडे जातोस. आणि मलंगगड, जो खरोखर नैर्ऋत्येला आहे, तो "पूर्वे"च्या गच्चीवरून दिसतो. बिल्डरच्या जाहिरातीत "पूर्वाभिमुख" लिहिलं असेल तर खिशातल्या फोनचं होकायंत्र उघडून खात्री कर. "पूर्व" भागात डोंगर दिसणारी बाल्कनी मिळाली तर ती दुपारचं ऊन घेणार, आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असल्याने झोडपणारा पाऊसही तिलाच लागणार. अशा भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात आत ओल धरते, कपाट भिंतीला टेकवून ठेवलंस तर मागून बुरशी. खिडकीवर किमान दीड-दोन फूट छज्जा आहे का, ते बघ. नुसत्या काचेच्या सरकत्या खिडक्या असतील तर खालच्या पट्टीतून पाणी आत येतंच, पट्टीला बाहेरच्या बाजूला भोकं पाडलेली असायला हवीत.

आता जमीन समजून घे. नैर्ऋत्येला मलंगगड, टावली, चंदेरी अशी माथेरानच्या रांगेची डोंगरभिंत. ईशान्येला उल्हास नदी. मधे हे गाव, आणि गावाला मधोमध चिरणारा रेल्वेचा भराव. कल्याणहून खोपोलीपर्यंतची लाइन १८५६ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तो भराव इथे आहे. उतार डोंगराकडून नदीकडे. म्हणजे "पूर्वे"चं सगळं पावसाचं पाणी रेल्वेखालच्या मोऱ्यांमधून "पश्चिमे"त येतं आणि तिथून नदीत जातं. या एका वाक्यात इथल्या बहुतेक पुराचं गणित आहे. पूर्वेला पाणी तुंबतं ते मोरीच्या तोंडाशी: नाल्यात प्लास्टिक, थर्माकोल, बांधकामाची माती, आणि नाल्याची रुंदी इमारतीच्या कुंपणाने खाल्लेली. असं पाणी तासा-दोन तासांत ओसरतं. पश्चिमेला पाणी शिरतं ते नदी फुगल्यामुळे, आणि ते दिवसभर बसून राहू शकतं. दोन्ही ठिकाणी "पाणी भरतं" असंच म्हणतात, पण एकात चटई वाळवावी लागते आणि दुसऱ्यात फ्रिज फेकावा लागतो.

उल्हास खंडाळा-राजमाचीच्या बाजूने उतरते, कर्जत, नेरळ करत इथे येते. त्यामुळे बदलापुरात रिमझिम असताना नदी चढू शकते. पाऊस घाटावर झालेला असतो. २६ जुलै २००५ चा पूर लक्षात आहेच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी काढावे लागले. २०२१ च्या जुलैतही नदीने पुन्हा तसंच केलं. पावसाळ्यात एक आकडा पाठ ठेव: बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर. बातम्यांत किंवा नगरपालिकेच्या संदेशात १६ च्या वर आकडा दिसला आणि कर्जतला पाऊस थांबलेला नसेल, तर गाडी स्टिल्टमधून, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधून, काढून उंच रस्त्यावर लाव. नदीकाठच्या सोसायट्यांत दरवर्षी लोक शेवटच्या क्षणी खाली धावतात, आणि तोवर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असतं.

बारवी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून बदलापूर बुडणार, असे संदेश दर जुलैत फिरतात. बारवी नदी बदलापूरच्या खालच्या अंगाला उल्हासला मिळते. तिचं पाणी वर चढून गावात येत नाही. दोन्ही नद्या एकदम भरल्या तर उल्हासला पुढे वाट मिळायला वेळ लागतो, एवढाच तिचा संबंध. धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठराविक उंचीला आलं की आपोआप उघडतात; कुणी "सोडत" नाही.

घर बघताना पूररेषेचा नकाशा मागच. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावं लागतं. दलाल "आम्ही ब्लू लाइनच्या बाहेर आहोत" असं छाती फुगवून सांगतो तेव्हा विचार, "लालच्या आत की बाहेर?" बहुतेक वेळा तिथे गप्प बसतो. "१०० वर्षांतून एकदा" याचा अर्थ पुढची १०० वर्षं सुट्टी असा नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि २००५ नंतर १४ वर्षांतच २०१९ आलं. गट नंबर घेऊन नगरपालिकेच्या नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा काढ. नकाशावर विश्वास नसेल तर आजूबाजूच्या जुन्या किराणा दुकानात जाऊन विचार की २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठवर होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ती खूण आणि तुझ्या इमारतीचं जोतं, एवढी तुलना पुरे.

नदी आहे म्हणून पाणी मुबलक, असं समजू नकोस. इथलं पाणी नगरपालिका नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं, उल्हासवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून उचलून. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते ती टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रामुळे. १९२२ पासून मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाट उतरून वीज करतं आणि उल्हासमध्ये पडतं. म्हणजे आपल्या नळाला येतं ते घाटावरचं, खरं तर पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी. वीजनिर्मिती कमी झाली की बंधाऱ्यातली पातळी घसरते आणि इथे पाणीकपात सुरू होते. सोसायटी बघताना जमिनीखालची टाकी किती लिटरची ते विचार. साधा हिशेब: माणशी दिवसाला १३५ लिटर, घरात चार माणसं, ४० घरं, म्हणजे २१,६०० लिटर एका दिवसाला. दोन दिवस पाणी आलं नाही तरी चालावं म्हणून ४३ हजारांची तरी टाकी हवी. बऱ्याच ठिकाणी ती याच्या निम्मीही नसते, मग मार्चपासून टँकर आणि देखभाल खर्चात वाढ. टाकी पुराच्या पातळीखाली असेल तर तिच्या झाकणाला रबरी सील आहे का तेही बघ, नाहीतर एका पुरात गटाराचं पाणी पिण्याच्या टाकीत.

लोकसंख्येचं विचारलंस. अधिकृत आकडा २०११ चाच आहे: कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत १,७४,२२६ माणसं, त्यात ९०,३६५ पुरुष आणि ८३,८६१ स्त्रिया. म्हणजे हजार पुरुषांमागे ९२८ स्त्रिया. २००१ ला आकडा ९८ हजारांच्या आसपास होता, म्हणजे दहा वर्षांत पावणेदोनपट. क्षेत्र सुमारे ३६ चौरस किलोमीटर, त्यामुळे सरासरी घनता चौरस किलोमीटरला पाच हजारांच्या आतच दिसते. पण त्या क्षेत्रात भातखाचरं, डोंगरउतार, नदीपात्र सगळं येतं. स्टेशनभोवतीच्या एक-दीड किलोमीटरला हा आकडा लावलास तर फसशील. जोडनावाचंही तसंच आहे: स्टेशन ज्या गावात आहे ते कुळगाव, बदलापूर गाव वेगळं. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा हे सगळं तिच्यात ढकललं होतं, १९९२ मध्ये बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद दिली.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर जो तो आपापला आकडा सांगतो. कुणी तीन लाख, कुणी पाच. तू आयुष्यभर लेखापरीक्षण केलंस, तुला पद्धत सांगतो. मतदारयादी घे, १८ वर्षांवरचे लोक साधारण ७० टक्के धर, म्हणजे मतदारांना ०.७ ने भाग. समजा २ लाख १० हजार मतदार, तर ३ लाख माणसं. यात चूक कुठे? इथे राहणारे कितीतरी जण अजून परळ, भांडुप, डोंबिवलीच्या यादीत आहेत, आणि इथल्या यादीत दुबार नावंही आहेत. मग पाण्यावरून ताळा कर: समजा दिवसाला ५ कोटी लिटर शुद्ध पाणी, गळती ३० टक्के वजा, उरलेलं १३५ ने भागलं तर २ लाख ५९ हजार. पण बोअरवेल आणि टँकरवर जगणारे यात येत नाहीत. घरपट्टीच्या नोंदी मोजशील तर बंद फ्लॅटही माणसं धरली जातील. त्यासाठी महावितरणचे शून्य युनिटचे मीटर वजा करावे लागतात. तीनही वाटांनी येणाऱ्या आकड्यांमधलं अंतर हेच या गावाचं खरं चित्र आहे: मत एका गावात, झोप दुसऱ्यात, गुंतवणूक तिसऱ्याची.

जनगणनेला दारोदार येणाऱ्या प्रगणकाची इथली अडचण वेगळीच. पहाटेच्या लोकलने नवरा-बायको दोघं बाहेर, रात्री नऊनंतर घरात. दिवसा दाराला कुलूप. या वेळी स्वतःची माहिती ऑनलाइन भरण्याची सोय आहे, ती वापरली गेली तर थोडं बरं होईल. उलट डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती दोन्हीकडून निसटतात.

गाडीचं थोडक्यात. मुंबईपासून ६८ किलोमीटर, जलद लोकललाही दीड तासाच्या आसपास. कल्याणपुढे दोनच रूळ, त्यावरच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस. एक लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की मागच्या लोकल रांगेत. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन मंजूर आहे. ती झाली असं समजून घर घेऊ नकोस.

शेवटचं: "बदलापूर" नावाखाली चामटोलीच्या बाजूचे, थेट वांगणीपर्यंतचे प्रकल्प विकतात. नगरपरिषदेची हद्द ओलांडली की पाणी ग्रामपंचायतीचं, कचरा तुमचा तुम्ही, आणि रात्री साडेअकरानंतर शेअर रिक्षा नाही. करारावर मौजे कुठलं लिहिलंय ते वाच. कात्रप, शिरगाव, खरवई असेल तर डोंगराच्या बाजूला आहेस, नाल्याची चौकशी कर. हेंद्रेपाडा, बेलवली, मांजर्ली असेल तर नदीच्या बाजूला. लाल रेषा विचार.

तू निवडलेल्या दोन-तीन जागांचे गट नंबर पाठव. आणि बघायला यायचंच तर जानेवारीत नको, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ये. छत्री नको, गमबूट आण.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू