मिगवर पान, मालवाहू विमानांवर ओळही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिग-२१ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निरोप दिला गेला, तेव्हा आपल्या अंकात ओझरच्या आठवणींनी पान भरले होते. ते योग्यच झाले. एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ओझरमधल्या विमान कारखान्यामुळे त्या विमानाशी नाशिकचे नाते घरचे आहे. मात्र हवाई दल म्हटले की आपल्याकडे लढाऊ विमानांपलीकडे कुणी लिहीत नाही. देवळालीत हवाई दलाचा साहित्य डेपो असलेल्या शहरात तरी हे खटकायला हवे. भांडार विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला तर खटकतेच.

उदाहरण ४४ स्क्वाड्रनचे, म्हणजे हवाई दलाच्या एका मालवाहू तुकडीचे घ्या. १९६१ मध्ये एएन-१२ ही रशियन मालवाहू विमाने घेऊन ती उभी राहिली. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये एएन-१२ विमानांनी चंडीगडहून एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमधल्या चुशूलला नेऊन उतरवले. रणगाडा तेरा-चौदा टनांचा आणि धावपट्टी चौदा हजार फुटांच्या आसपास. तिथली हवा विरळ, त्यामुळे जे विमान मैदानी तळावरून वीस टन उचलते त्याची ताकद तिथे कितीतरी घटते. शिवाय ओझे नेमके कुठे ठेवायचे हाही प्रश्न. पिंपळगावला कांद्याचा ट्रक भरणाऱ्या हमालालाही माहीत असते की सगळा भार मागे गेला तर पुढची चाके हलकी होतात. विमानात तीच चूक जिवावर बेतते. म्हणून लोड मास्टरचा, म्हणजे विमानात माल रचणाऱ्याचा हिशेब आणि साखळदंडांची पकड यांवर सगळे अवलंबून. त्या कामाचे फोटो कोण काढणार?

१९७१ ची हकिकत तर कादंबरीत घातली तर खोटी वाटेल. याच स्क्वाड्रनने मालवाहू एएन-१२ विमानांचीच बॉम्बफेकी विमाने केली. एरवी मागच्या दारातून रसद उतरायची, तिथून आता बॉम्ब सोडले जाऊ लागले. ३ डिसेंबरच्या रात्री लाहोरजवळच्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यांवर हल्ला झाला. नेतृत्व करणारे विंग कमांडर विद्याभूषण वशिष्ठ यांना महावीर चक्र मिळाले. तरीही १९७१ म्हटले की आपल्याला नॅट आणि हंटर ही लढाऊ विमानेच आठवतात.

पुढे १९८५ मध्ये स्क्वाड्रनकडे आयएल-७६ ही मोठी मालवाहू विमाने, म्हणजे ‘गजराज’ आली. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री मालदीवचे सरकार उलथवण्याचा प्रयत्न मोडायला आग्ऱ्याहून छत्रीधारी सैनिक निघाले, ते याच विमानांतून. दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर, मध्ये कुठेही न थांबता.

या झाल्या गाजलेल्या मोहिमा. खरे काम त्यांच्या मधल्या वर्षांत झाले. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्या की लेहला पीठ, केरोसीन, औषधे, सुटे भाग सगळे वरूनच. दुपारी वारा वाढतो आणि हवा तापून आणखी विरळ होते, म्हणून फेऱ्या सकाळी लवकर उरकाव्या लागतात. या वाटेची किंमतही मोठी आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघालेले एक एएन-१२ रोहतांगच्या बाजूला बेपत्ता झाले. आत १०२ जण होते. त्यातल्या चौघांचे देह २०२४ मध्ये बर्फातून हाती लागले, छप्पन्न वर्षांनी. ही बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत आली होती, एवढे मला आठवते.

माझी सूचना साधी आहे. देवळाली कॅम्प, ओझर, जेल रोड या भागांत हवाई दलाच्या भांडारांतून आणि मालवाहू तुकड्यांतून निवृत्त झालेली मंडळी राहतात. त्यांतली बरीच आता सत्तरी-ऐंशीची आहेत. आपला एखादा वार्ताहर त्यांच्याकडे पाठवा आणि रविवार पुरवणीत या कामाला सलग जागा द्या. वैमानिकांच्या मुलाखती नंतर घेतल्या तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक रोड