ड्रायव्हर लोकांसाठी पण एक पान काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत हाफ मॅरेथॉनच्या तयारीवर अख्खं पान होतं, शूज कुठले घ्यायचे, पळायच्या आधी काय खायचं, हार्ट रेट कसा बघायचा, माहिती सगळी नीट दिलेली होती त्याबद्दल तक्रार नाही. पण वाचून झाल्यावर राहवलं नाही म्हणून लिहितेय. व्यायामाचा आणि हार्टचा संबंध जगाला ज्यांच्यामुळे कळला ती माणसं पळणारी नव्हतीच हो, ती लंडनच्या बसवरची ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी होती. आणि आज कुठल्याही पेपरची आरोग्य पुरवणी उघडा, त्यात ड्रायव्हर नसतो.

आमच्या घरात ड्रायव्हरकी आहे, वडील बसवर होते आणि आता भाऊ आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे हे आधीच सांगते.

जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, ग्लासगोमध्ये वाढलेले, दुसऱ्या महायुद्धात आर्मीचे डॉक्टर म्हणून भारतातही राहून गेलेले. युद्धानंतर ब्रिटनमध्ये हार्ट ॲटॅकने माणसं पटापट जायला लागली आणि कारण कुणालाच धड कळेना. मॉरिस आणि त्यांच्या टीमने १९४९ पासून वेगवेगळ्या कामातल्या माणसांची माहिती गोळा करायला घेतली, म्हणजे बघा, आपली एसटी १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. लंडनच्या बस, ट्राम आणि मेट्रोवरचे ३५ ते ६४ वयाचे साधारण ३१ हजार पुरुष कामगार त्यांनी घेतले. त्यात दुमजली बसवरचे दोघं फार उपयोगाचे ठरले, कारण गाडी एकच, पगार आणि राहणीमान जवळपास सारखंच, फरक एवढाच की ड्रायव्हर ड्युटीतला नव्वद टक्के वेळ सीटवर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना वर-खाली करणारा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या.

१९५३ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात निकाल छापून आला. हार्टचा त्रास नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ड्रायव्हरमध्ये वर्षाला हजारी २.७ आणि कंडक्टरमध्ये १.९. शिवाय कंडक्टरला त्रास झालाच तर तो उशिरा आणि बऱ्याचदा सौम्य, छातीत दुखण्यावर निभावणारा, आणि ड्रायव्हरमध्ये पहिल्याच झटक्यात किंवा त्यानंतर थोड्याच दिवसात दगावणारे जास्त. मग त्यांनी पोस्टातले लोक बघितले, तिथेही तसंच, पायी किंवा सायकलवर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा खुर्चीत बसणाऱ्या क्लार्क आणि टेलिफोन ऑपरेटरना जास्त त्रास.

आता कुणी म्हणेल की मुळातच जाड माणूस ड्रायव्हर झाला असेल आणि चपळ माणूस कंडक्टर. ही शंका खुद्द मॉरिसना पण आली होती आणि मला त्यांचं हेच सगळ्यात आवडतं, की आपला निकाल एवढा गाजत असताना तेच त्यात खोट शोधत बसले. कंपनी युनिफॉर्म शिवून द्यायची, त्याची मापं रेकॉर्डला होती, ती त्यांनी काढली आणि १९५६ ला छापलं की ड्रायव्हरच्या पँटी कमरेला मोठ्या आहेत, आणि तरुण पोरांच्या सुद्धा, म्हणजे थोडा फरक नोकरीला लागतानाच होता. पुढे ड्रायव्हर लोकांचं ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल पण जास्त निघालं. म्हणजे बसून राहणं हे एकच कारण नाही, पण एक कारण आहे, आणि हे नंतर इतक्या देशात इतक्या वेळा तपासून झालंय की त्यावर आता वाद राहिलेला नाही. अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातल्या ६,३५१ गोदी कामगारांवर २२ वर्षं लक्ष ठेवलं, तिथे पण जास्त कष्टाचं काम करणाऱ्यांमध्ये हार्टने जाणारे कमी निघाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी खेळ-विज्ञानाचं ऑलिम्पिक पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं ते या दोघांना मिळून. मॉरिस नंतर स्वतः पण पळायला लागले आणि २००९ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी गेले.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे पुढे काय झालं ते. यंत्रं आली, अंगमेहनतीची कामं कमी झाली, मग मॉरिसनीच विचार केला की आता लोक फावल्या वेळात काय करतात ते बघायला हवं. त्यांनी सरकारी ऑफिसातले सतरा हजाराच्या आसपास पुरुष घेतले, त्यांच्याकडून सोमवारी सकाळी लिहून घेतलं की शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलंत, आणि दिसलं की सुट्टीत जोरात पोहणारे, पळणारे, बागेत दणकून काम करणारे यांना हार्टचा त्रास बराच कमी. अभ्यास चांगलाच होता. पण तेव्हापासून व्यायाम म्हणजे फावल्या वेळेत करायची गोष्ट असं जे डोक्यात बसलं ते बसलंच, आणि पेपरवाले पण त्याच वाटेने गेले. ज्याला फावला वेळ नाही तो माणूस या सगळ्यातून बाहेर पडला.

ड्रायव्हरला कुठला फावला वेळ? वस्तीची गाडी असली की रात्री कुठल्यातरी गावात झोप, पहाटे परत स्टेअरिंग, जेवण कधी दुपारी बारा तर कधी चार, घरी आलं की झोप पुरी करायची की पोरांना तोंड दाखवायचं हाच प्रश्न. त्यात डबल ड्युटी लागली तर विचारूच नका. अशा माणसाला तुमचं मॅरेथॉनचं पान दाखवलं तर तो घडी घालून ठेवून देणार, आळशी आहे म्हणून नाही, त्याच्या दिवसात ते बसतच नाही म्हणून.

आणि कंडक्टर तरी कुठे सुटलाय. लंडनसारखा जिना आपल्या एसटीला कधी नव्हताच, मुंबईत बेस्टची डबलडेकर १९३७ पासून होती पण तिथेही वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे, आणि त्या जुन्या गाड्याही सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आपला कंडक्टर, आणि आता कितीतरी बायका या कामात आहेत, खड्ड्यातून उडणाऱ्या गाडीत तासन् तास उभं राहून, दांडा धरून, गर्दीत रेटत तिकिटं काढतो. डेन्मार्कचे अँड्रियास होल्टरमन आणि इतर संशोधक बरीच वर्षं सांगतायत की कामावरची दमणूक आणि मोकळ्या वेळेतला व्यायाम शरीराला सारखे नसतात, व्यायामात दम लागतो आणि मग विश्रांती मिळते, कामात उभं राहणं, वजन उचलणं आठ-दहा तास चालूच आणि मधे आराम नाही. २०१८ मध्ये जवळपास दोन लाख लोकांवरचे १७ अभ्यास एकत्र करून बघितले तर कामात जास्त अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यूचं प्रमाण उलट १८ टक्क्यांनी जास्त दिसलं. यात गरिबी, सिगारेट वगैरे कारणं किती आणि काम किती यावर वाद चालू आहे. पण "कंडक्टरचा काय, दिवसभर व्यायामच होतो" असं जे आपण सहज बोलून जातो ते बंद करावं एवढं तरी यातून नक्की निघतं.

आपल्याकडची परिस्थिती पण बघा. आयसीएमआर-इंडियाब या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीतला अभ्यास २०१४ ला आला, त्यात देशातले चार प्रदेश घेतले होते आणि महाराष्ट्र त्यातला एक, अर्ध्याहून जास्त लोकांची हालचाल अपुरी निघाली आणि फावल्या वेळेत काही व्यायाम करणारे दहा टक्के सुद्धा नव्हते. म्हणजे मॅरेथॉनचं पान ज्यांच्यासाठी आहे ते दहातला एक पण नाहीत. मग बाकीच्यांसाठी पानं कधी निघणार?

त्यात एक चांगली गोष्ट आहे जी कुणी ड्रायव्हरला जाऊन सांगत नाही. पूर्वी सांगायचे की सलग दहा मिनिटं तरी व्यायाम झाला तरच धरायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नियमावलीत ती अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे आहेच, पण ती मिनिटं तुकड्या-तुकड्यात झाली तरी चालतात आणि अजिबात नसण्यापेक्षा थोडं पण बरं. म्हणजे गाडी फलाटाला लावून एन्ट्री करून आल्यावर पुढची फेरी सुटेपर्यंत स्टँडभोवती पाच-सात मिनिटं पाय मोकळे केले, जेवल्यावर लगेच सीटवर न चढता थोडं चाललं, तर ते मोजलं जातं. हे ऐकून भाऊ म्हणाला हे जमेल, आणि खरंच करतोय.

पण नुसतं सांगून भागत नाही हे पण संशोधनातच आलंय. इंग्लंडमध्ये लफबरो युनिव्हर्सिटीने ट्रक ड्रायव्हरवर प्रयोग केला, २५ डेपो, ३८२ ड्रायव्हर, त्यातल्या निम्म्या डेपोंमध्ये माहिती दिली, पावलं मोजायचा पट्टा दिला, केबिनमध्ये करायच्या व्यायामाचं सामान दिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला साधारण हजार पावलांचा फरक पडला. दीड वर्षाच्या सुमारास परत बघितलं तर तो टिकला नव्हता. ड्रायव्हर आळशी निघाले असा अर्थ कृपा करून कुणी काढू नका. ड्युटी जशी होती तशीच राहिली, वेळापत्रक तसंच, मग माणूस एकटा किती दिवस रेटणार? म्हणून माझं म्हणणं आहे की चालायची वेळ ड्युटीच्या तक्त्यातच धरली पाहिजे, दोन फेऱ्यांच्या मधली पंधरा मिनिटं ट्रॅफिकने खाल्ली तरी ती ड्रायव्हरच्या अंगावर पडता कामा नये. डेपोत चालायला सपाट, उजेडाची जागा हवी, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट हवं (ते नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या कंडक्टर मला माहितीयत), आणि दरवर्षी डोळ्यांबरोबर प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉलची तपासणी हवी, चाळिशीच्या पुढे तर नक्कीच. हे सरकारी गाड्यांचंच नाही, खासगी ट्रॅव्हल्स, शाळेच्या व्हॅन, ट्रक, टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचं आहे, आणि खासगीवाल्यांना तर विचारणारं कुणीच नाही.

मॅरेथॉनचं पान बंद करा असं मी म्हणत नाही, पळणाऱ्यांनी पळावं. पण पुरवणीतलं एक पान ड्रायव्हर-कंडक्टर लोकांसाठी काढा. तुमचा माणूस एखाद्या आगारात पहाटेच्या पहिल्या गाडीला पाठवा, त्यांचे प्रश्न घेऊन या, जेवण कधी, गोळ्या कधी घ्यायच्या, मान-कंबर धरते त्याचं काय करायचं, छातीत जड वाटलं तर गाडी कुठे थांबवायची, आणि त्याची उत्तरं चांगल्या हार्टच्या डॉक्टरकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून साध्या भाषेत छापा. मी इथल्या स्टँडवर ते पान स्वतः नेऊन चिकटवीन, वाटायला झेरॉक्स लागतील त्या पण काढीन.

आपली नियमित वाचक,
मिरज