गोव्याच्या राजकारणावर लिहिलं तर साइट कोण करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब झालंय, कापायचं असेल तर माझी ओळख कापा पण गुणांचा भाग तेवढा ठेवा. मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, एकवीस वर्षं झाली. लायब्ररीचा कोर्स करायच्या आधी राज्यशास्त्रात एमए केलं होतं, त्यामुळे त्या विषयाचं नवीन जर्नल, म्हणजे संशोधनाचं नियतकालिक, आलं की अजूनही पहिल्यांदा मीच उघडते. हल्ली कॉलेजांच्या बातम्यांत "अमुक प्राध्यापकांचा पेपर इतक्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध" असं वाचायला मिळतं, तुमच्या पेपरातही येतं, पण तो पेपर कशावर होता हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याबद्दलच लिहितेय.

कारण गेल्या महिन्यात घडलं ते. आमच्याकडे राज्यशास्त्र शिकवणारा एक तरुण सर आहे, चार वर्षं रविवार मोडून तो वेगवेगळ्या गावांच्या ग्रामसभांना जाऊन बसलाय, कोण बोलतं, कोणाला बोलू देत नाहीत, ठराव कसा लिहिला जातो आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचताना तो बदललेला कसा असतो, सगळ्याच्या वह्या आहेत त्याच्याकडे. तो लायब्ररीत येऊन म्हणाला, मॅडम इंडो-पॅसिफिकवरचे, म्हणजे हिंद-प्रशांत महासागरांच्या राजकारणावरचे, नवे पेपर काढून द्याल का, मी विचारलं ग्रामसभेचं काय झालं, तर म्हणाला सीनियर सांगतात गोव्यावर लिहिलंस तर साइट कोण करणार, म्हणजे आपल्या पेपरात तुझा दाखला कोण देणार, कॅसची म्हणजे बढतीची फाईल करायचीय ना तुला. चार वर्षांच्या वह्या घरी कपाटात आणि हा ज्या समुद्रावर कधी गेला नाही त्यावर पेपर लिहिणार. मला त्या रात्री झोप लागली नाही हो, खरंच सांगते.

साइटेशन म्हणजे तुमच्या पेपराचा उल्लेख दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात करणं, एवढंच. आणि इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा आकडा असतो, माणसाचा नव्हे आणि एकेका पेपराचाही नव्हे. समजा एका जर्नलने २०२२ आणि २०२३ मिळून चाळीस पेपर छापले आणि २०२४ मध्ये इतरांनी त्या चाळीस पेपरांचा साठ वेळा उल्लेख केला तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर दीड, झाला हिशेब. ही कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांची, १९५५ साली त्यांनी साइटेशनची सूची करायची कल्पना मांडली, १९६४ ला विज्ञानाची सूची आली, १९७३ ला सामाजिक शास्त्रांची, आणि १९७५ पासून जर्नलांचे आकडे दरवर्षी निघायला लागले. याचा मोठा उपयोग आमच्यासारख्या ग्रंथपालांना होता, पैसे थोडे आहेत तर कुठलं जर्नल घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे ठरवायला. आमच्या कपाटासाठी केलेली मोजपट्टी माणसांच्या पगाराला लावली गेली याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती कशी चालते ते मी रोज बघते.

राज्यशास्त्रात तर ती फारच तोकडी पडते. पेपर छापल्यावर पुढच्या दोन वर्षांतलेच उल्लेख मोजले जातात, ही दोन वर्षांची खिडकी, त्या दोन वर्षांत आमच्या विषयात होतं काय? पेपर पाठवला की तो तपासणाऱ्या जाणकाराकडे, रिव्ह्यूअरकडे, सहा महिने, मग दुरुस्त्या, परत सहा महिने, मग छापायची रांग. म्हणजे तुमचा पेपर वाचून कोणी लगेच लिहायला बसला तरी त्याचा पेपर छापून येईपर्यंत खिडकी बंद. औषधशास्त्रात काम भराभर पुढे जातं, तिथे ठीक आहे, पण निवडणुकीवरचा, पक्षावरचा, पंचायतीवरचा चांगला लेख दहा-पंधरा वर्षं वाचला जातो आणि त्यातलं बरंचसं वाचन या आकड्यात येतच नाही. दुसरं म्हणजे आमच्या विषयात मोठं काम पुस्तकांत होतं आणि इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचाच असतो, पुस्तकाला तो मिळणार कुठून. तिसरं, मराठीत किंवा कोकणीत लिहिलेला लेख या सूच्यांमध्ये जवळजवळ नसतोच, त्यामुळे मराठीत कोणी तुमचा दाखला दिला तर तो दिलाच नाही असं धरलं जातं. आणि सरासरी ही सरासरीच, चार पेपर गाजले की उरलेल्या छत्तीस पेपरांनाही तोच आकडा लागतो. गारफिल्ड यांनी स्वतःच बजावलं होतं की यावरून एकेका संशोधकाला तोलू नका.

आता गुणांचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण आहेत, आणि त्यात इम्पॅक्ट फॅक्टरसाठी वाढीव गुण आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड (जाणकारांकडून पेपर तपासून घेणाऱ्या) जर्नलला ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५ आणि दहाच्या वर ३०. या पायऱ्या सगळ्या विषयांना सारख्याच. वैद्यकशास्त्रातली मोठी जर्नलं पन्नासच्या वर असतात, आणि राज्यशास्त्रातलं जगातलं सगळ्यात मानाचं जर्नलसुद्धा सहसा एक आकडीच असतं. म्हणजे वरची पायरी आमच्या विषयाच्या माणसाला बहुतेक बंदच, त्याने कितीही जीव तोडून काम केलं तरी. सामाजिक शास्त्रांना पेपरामागे मुळात विज्ञानाच्या ८ च्या ऐवजी १० गुण धरलेत हे खरं, पण त्या दोन गुणांनी हा फरक भरून येत नाही. आणि गोव्यावर लिहिणारा तर पाच गुणांच्या पायरीवरच बसतो, कारण त्याला घेणारी जर्नलं तिथेच असतात.

जर्नल काय छापतं हे कोण ठरवतं तेही लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू १९०६ पासून निघतं, या विषयातलं जुनं आणि वजनदार नाव. तिथे हळूहळू गणिती मॉडेल आणि सांख्यिकी पद्धतीचे पेपर इतके वाढले की २००० साली 'मिस्टर पेरेस्त्रोइका' या नावाने कोणीतरी निनावी ईमेल पाठवला, की आमच्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेचं जर्नल आम्हालाच वाचता येत नाही, एकाच पद्धतीच्या माणसांनी ते व्यापलंय. शेकडो प्राध्यापक त्याच्या मागे उभे राहिले, आणि २००३ पासून पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पॉलिटिक्स नावाचं दुसरं जर्नल निघालं, ज्यात वेगवेगळ्या पद्धतींच्या लोकांना जागा मिळाली. म्हणजे कशावर लिहिलेलं छापायचं हे संपादक मंडळ ठरवतं, आणि वाचकांनी आवाज केला तर ते बदलतंसुद्धा.

आपल्याकडेही करणाऱ्यांनी केलंय. मुंबईहून १९६६ पासून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली घ्या, इम्पॅक्ट फॅक्टरच्या शर्यतीत ते कुठे बसतं याने काही फरक पडत नाही, रोजगार हमी असो नाहीतर जमिनीचा प्रश्न असो, ज्याला भारतातलं काही समजून घ्यायचंय तो तिथे जातोच. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या लोकनीती गटाचं स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स हे २०१३ ला सुरू झालं, वर्षातून दोन अंक, पुण्याचे सुहास पळशीकर सर त्याचे मुख्य संपादक. मला ते आवडतं कारण त्यांनी आपला विषय नावातच बांधून घेतलाय, भारतीय राजकारण, आणि वर्गात हा विषय कसा शिकवावा यावरही ते लेख छापतात. सर स्वतः मराठीतही इतकं लिहितात, आणि त्या मराठी लिखाणाला साइटेशनच्या बाजारात काय भाव मिळतो ते मघाशी सांगितलंच.

मग गोव्यावर लिहिण्यासारखं काही नाहीच का? १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आपल्या राज्यात झाला, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१, अख्ख्या प्रदेशाला आपलं भवितव्य असं मतपेटीतून विचारलं गेल्याची उदाहरणं देशात मोजकीच सापडतील. माझ्या वडलांनी फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, मत दिलं होतं आणि आईच्या माहेरी सगळ्यांनी दोन पानांना, म्हणजे विरुद्ध, अजूनही आमच्याकडे चवथीला हा विषय निघाला की आवाज चढतात, इतकं ते जिवंत आहे. पक्षांतराचं बघा, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपात गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये अकरापैकी आठ गेले, दोन्ही वेळा दोन तृतीयांशचा हिशेब पुरा करून. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, छोट्या विधानसभेत कसं वागतं हे शिकायला चाळीस आमदारांच्या गोव्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? २०२२ ला सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला, एका वाड्यावरच्या घरांनी सरकारचं गणित हलतं, दिल्लीत बसून कोणाला हे कळायचं नाही. शिवाय कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकीच्या सामायिक, जमिनी, खाणी बंद झाल्यावर त्या पट्ट्यातल्या पंचायतींचं काय झालं, जमीन वापराच्या प्रादेशिक आराखड्याच्या वेळी गावागावांतून उठलेली माणसं. एकेकावर पीएचडी व्हावी.

पण ते साइट कोण करणार. गोवा लहान, गोव्यावर लिहिणारे थोडे, म्हणून एकमेकांचे दाखले देणारे थोडे, म्हणून आकडा लहान, म्हणून नवीन कोणी लिहीत नाही. हे चक्र कोणीतरी तोडायला हवं ना.

आणि ज्यांना मोठ्या जर्नलात जागा मिळत नाही त्यांची तर लूट होते. आमच्याच एका मॅडमनी अडीच हजार भरले आणि पाचव्या दिवशी पेपर छापून आला, कोणी एक ओळ वाचली नव्हती, शीर्षकातली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी नंबर होता, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून काहीतरी छापलेला होता, तो कोणी दिला कोणास ठाऊक. अशा जर्नलांना आवरायला यूजीसीने २०१८ मध्ये ४,३०५ नावं आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून एकदम काढली, २०१९ पासून केअर नावाची नवी यादी आणली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर केलं, आता जर्नलाची पारख संस्थांनी स्वतः करायची. घाबरून जाण्यासारखं आहे, कारण फसवणारे वाढतील, पण मला यात एक संधीही दिसते. पारख आपल्याच हातात आलीय तर आपल्या विद्यापीठाने गोव्यापुरते आपले निकष का करू नयेत?

हे मी मनाचं सांगत नाही. संशोधन कसं तोलावं यावरच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात साफ म्हटलंय की नेमणुका आणि बढत्यांसाठी जर्नलाचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, पेपर वाचून ठरवा. २०१५ चा लायडेन जाहीरनामा तर त्याहून पुढे जातो, त्याच्या दहा तत्त्वांतलं एक तत्त्वच असं आहे की स्थानिक प्रश्नांवरचं आणि इंग्रजीबाहेरच्या भाषांमधलं चांगलं संशोधन जपा. जगातले साइटेशन मोजणारे तज्ज्ञच हे सांगतायत. केंद्र सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शनसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले, २०२५ पासून सरकारी संस्थांना जवळपास तेरा हजार जर्नलं वाचायला मिळू लागली, त्याचा मला ग्रंथपाल म्हणून आनंदच आहे. पण दुसऱ्यांचं वाचायला एवढा पैसा आहे तर आपलं लिहायलाही थोडा काढा की.

माझं मागणं विद्यापीठ आणि उच्च शिक्षण खातं दोघांकडे आहे. गोव्यावरच्या संशोधनाला, ते मराठी-कोकणीत असलं तरी, बाहेरच्या दोन जाणकारांनी वाचून चांगलं म्हटलं तर पूर्ण गुण द्या. यूजीसीचे गुण बदलणं आपल्या हातात नाही हे मला कळतं, पण नेमणुकीच्या मुलाखतीत, संशोधन सुरू करायला सीड मनी देताना, पुरस्कार देताना आकडा न विचारता पेपर वाचायला कोणी अडवलेलं नाही. आणि गोव्याच्या राजकारणावर एक नीट पीअर रिव्ह्यू होणारं, म्हणजे जाणकारांनी तपासून छापलेलं, जर्नल काढा, वर्षाला एक अंक निघाला तरी चालेल, फी न घेता, आणि प्रत्येक लेखाचा सारांश मराठी आणि कोकणीत. इम्पॅक्ट फॅक्टर पहिली दहा वर्षं मिळणार नाही, न मिळू दे.

एक प्रसंग सांगते मग थांबते. आमच्या एका विद्यार्थिनीने सात-आठ वर्षांमागे एमएला तिच्या गावच्या पंचायतीवर प्रबंध लिहिला होता, बाईंड केलेली प्रत आमच्याकडे आहे, त्याला आजवर एकही साइटेशन नाही, कुठल्या सूचीत तो गेलाच नाही. मागच्या वर्षी त्याच गावचे एक आजोबा कोणाकडून तरी ऐकून बस बदलून लायब्ररीत आले, मला म्हणाले बाय, आमच्या गावावर कोणी लिहिलंय म्हणे, आणि दोन तास बसून त्यांनी ते वाचलं, मग बांधकाम परवान्यांच्या प्रकरणाची नऊ पानं झेरॉक्स करून घेऊन गेले, पुढच्या रविवारी ग्रामसभा होती. माझ्या रजिस्टरात ती नोंद आहे, नऊ पानं, अठरा रुपये. हा इम्पॅक्ट कुठल्या रकान्यात लिहू ते मला विद्यापीठाने सांगावं.

तुमच्याकडेही एक मागते, संपादक साहेब. महिन्यातून एकदा अर्धं पान द्या, गोव्याच्या राजकारणावरचा एक संशोधन पेपर किंवा प्रबंध निवडून त्यात काय सापडलं ते सोप्या मराठीत छापा. शोधून द्यायचं काम मी करीन, पैसे नकोत. त्या तरुण सराला मी सांगून ठेवलंय की पहिल्या महिन्याला त्याच्याच वह्यांतलं देऊया, तो हो म्हणालाय.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, फोंडा